तुले आला का?

गोंदिया जिल्ह्यात आमगावकडच्या एका खेड्यातले निवृत्त गुरुजी २० जुलै २०२३ च्या सकाळी छत्री घेऊन आपल्या बांधीच्या धुऱ्यावर उभे होते. रोवणीचे दिवस. चिखलात दहा-बारा बाया ओळीनं वाकून पऱ्हे रोवत होत्या, आणि जन्मभर वर्गावर नजर ठेवण्याची सवय असल्यामुळे गुरुजी ओळ वाकडी तर जात नाही ना, ते पाहत होते. साडेदहाच्या सुमारास त्यांच्या खिशातला फोन किंचाळला.

वाजला नाही, किंचाळला. गुरुजींचा फोन एरवी भजन वाजवतो. नातवानंच ते लावून दिलं होतं. त्या दिवशी तर तो मुका करून ठेवलेला. मुका केलेला फोन बोंबलतो म्हणजे आत काहीतरी शिरलं, हा गुरुजींचा पहिला अंदाज. अंगावरचा विंचू झटकावा तसा त्यांनी तो खिशातून झटकला आणि फोन सरळ बांधीत गेला. चिखलात अर्धा रुतूनही तो थरथरत ओरडत होता. बाया हात थांबवून पाहू लागल्या.

"गुरुजी, तुमचा फोन रडून रायला जी," एकीनं माहिती पुरवली.

दुपट्ट्यानं पुसून पाहिलं तर पडद्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत आणीबाणीचा इशारा, तोही गंभीर दर्जाचा. त्याखाली मजकूर असा की, हा केवळ नमुना संदेश आहे, भारत सरकारच्या दूरसंचार विभागानं चाचणीसाठी पाठवला आहे, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण देशभर जी इशारा यंत्रणा उभारत आहे तिची ही तपासणी आहे, कृपया दुर्लक्ष करावं, आपल्याकडून कोणतीही कृती अपेक्षित नाही. एवढं वाचून होतंय तोवर पडदा काळा पडला. देशावर काहीच संकट नव्हतं. एका गुरुजींच्या फोनवर मात्र होतं, आणि ते इशाऱ्यानंच आणलं होतं.

तो फोन घरी पोचताच तांदळाच्या डब्यात गेला. इतर गावांत भिजलेला फोन घेऊन माणूस दुरुस्तीच्या दुकानात धावतो. गोंदिया जिल्हा हा धानाचं कोठार. इथं राईस मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावणारी माणसं आहेत. त्यामुळे फोन कुठं ठेवायचा हा प्रश्न पडत नाही, कोणत्या तांदळात ठेवायचा हा पडतो. गुरुजींच्या घरी यावर तासभर चर्चा झाली. सून म्हणाली, बारीक एचएमटीत ठेवा, दाणा लहान, सगळीकडून ओल ओढेल. गुरुजींच्या मंडळींचं म्हणणं, एचएमटी खायला आहे, फोनले कायले पाहिजे एचएमटी? त्याले उसना चालते. शेवटी रेशनच्या तांदळावर एकमत झालं. (पुढं २०२४ च्या सुरुवातीला ॲपल कंपनीनं जाहीर सल्ला दिला की भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे कण आत शिरून नुकसान होतं. गोंदियात हा तांदळाचा अपमान समजला गेला. ज्यांच्याकडे आयफोन नव्हता त्यांनीही तो मनाला लावून घेतला.)

त्या सकाळी इशारा आला त्याच वेळी प्रस्तुत लेखक एका सलूनच्या खुर्चीत मान मागं टाकून बसला होता. वस्तरा वरच्या ओठाशी आलेला, आणि समोरच्या काचेखाली ठेवलेला फोन ओरडला. "हलू नका जी," असं कारागीर म्हणाला खरा, पण ते हलून झाल्यावर. मिशीची डावी बाजू राष्ट्रीय सुरक्षेच्या कामी आली. उजवी बाजू मग समतोल राखण्यासाठी काढावी लागली. इशाऱ्याची चाचणी यशस्वी झाल्याचं सरकारनं पुढं सांगितलं असेल, तेव्हा त्या हिशेबात ही मिशी धरलेली नसणार.

पण खरी गंमत पुढं सुरू झाली. फोन शांत होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, तोवर गल्लीगल्लीत, दुकानादुकानांत, पानठेल्यावर आणि तलाठ्याच्या दारात एकच प्रश्न घुमू लागला: तुले आला का?

ज्याला आला होता तो घाबरलेला होता, आणि ज्याला आला नव्हता तो दुखावलेला. त्या काळातल्या चाचण्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या भागांत, टप्प्याटप्प्यानं चालल्या होत्या. शिवाय सगळे फोन हा संदेश पकडणारे नव्हते. त्यामुळे एकाच ओट्यावर बसलेल्या चौघांपैकी दोघांचे फोन किंचाळले आणि दोघांचे मूग गिळून बसले. "मले काऊन नाही आला?" या प्रश्नात काळजीपेक्षा तक्रार जास्त होती. धानाच्या बोनसच्या यादीतून नाव कटलं, घरकुलाच्या यादीतून कटलं, आता संकटाच्या यादीतूनही कटलं. एका काकाजींनी तर केवायसी बाकी असल्यामुळेच इशारा आला नाही असं ठरवून आधार कार्डाची झेरॉक्स काढून आणली. कुठं द्यायची, हे कोणाला माहीत नव्हतं. पण झेरॉक्स खिशात असली की माणसाला धीर असतो.

त्यात ते दिवस अधिक श्रावणाचे, नुकताच महिना लागलेला. धोंड्याच्या महिन्याचे जावई सासरी मुक्कामाला. ज्या घरी जावयाच्या फोनवर आला आणि सासूबाईंच्या फोनवर नाही, तिथं दिवसभर जरा जडच गेलं. "पाहुन्याच्या फोनवर सरकार बोलते, अन् घरच्या मानसाचं काही नाही," असं म्हणून धोंडे जरा कमी पुरणाचे झाले, असं ऐकिवात आहे.

महाराष्ट्रात इंग्रजीमागोमाग हाच संदेश मराठीतही आला. मराठीत आल्यावर भीती कमी व्हावी अशी अपेक्षा होती. ती वाढली. इंग्रजी संदेश सगळ्यांना सारखाच कळला नव्हता, त्यामुळे तो दुर्लक्षिण्यासारखा होता. मराठीतल्या 'कृपया दुर्लक्ष करा' या शब्दांवर मात्र पानठेल्यावर खोल विचार झाला. ज्याच्याकडे दुर्लक्ष करायचं तो पाठवलाच कशाला? सरकार म्हणते दुर्लक्ष करा, म्हणजे नक्की काहीतरी आहे. पानवाल्याचा कयास, फोन हॅक झाला. शेजारच्या पंक्चरवाल्याचा कयास, बँकेत पैसे जमा होणार आहेत त्याची ही घंटी. दोघांनीही लगेच आपापली खाती तपासली. पैसे गेलेही नव्हते आणि आलेही नव्हते, पण त्या निमित्तानं पंक्चरवाल्याला कळलं की त्याच्या खात्यात किमान शिल्लकही नाही. आपत्ती व्यवस्थापनाचा एवढा थेट लाभ त्या दिवशी दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

एक मात्र मानलं पाहिजे. पाणी जपून वापरा, रांगेत उभे राहा, उघड्यावर कचरा टाकू नका, अशा किती सूचना सरकारनं आजवर दिल्या. काहीही करू नका, ही पहिलीच सूचना असेल जी देशातल्या नागरिकांनी इतक्या प्रामाणिकपणे पाळली.

आता हा आवाज फोनमध्ये शिरतो कसा? नेहमीचा एसएमएस म्हणजे पोस्टमन. प्रत्येकाचा नंबर घेऊन दारोदार जातो. पत्रं फार झाली की थकतो, आणि पुराच्या दिवशी सगळेच एकमेकांना फोन करू लागले की वाटेत अडकून पडतो. किंचाळणारा संदेश हा 'सेल ब्रॉडकास्ट'. त्याला कोणाचा नंबर लागत नाही, नाव लागत नाही. टॉवर चौकात उभा राहून एकदाच ओरडतो, आणि त्याच्या हाकेच्या टप्प्यातल्या साऱ्या फोनना ते एकदम ऐकू जातं. फोन त्या टप्प्यात हवा, चालू हवा आणि हा संदेश पकडणारा हवा, बस. आपल्याकडे ही यंत्रणा सी-डॉट या सरकारी संस्थेनं बसवली. ऐंशीच्या दशकात खेड्यापाड्यांत टेलिफोनची लहान एक्स्चेंज पोचवण्याचं तंत्र जिनं तयार केलं, तीच ही संस्था. पॅरिसमध्ये १९९७ साली सेल ब्रॉडकास्टचं पहिलं प्रात्यक्षिक झालं म्हणतात. गोंदियातल्या म्हाताऱ्यांना हे सांगितलं तर ते हसतात. कोतवाल चौकात उभा राहून दवंडी देत होता, तेव्हा त्यानं कोणाचा नंबर विचारला होता?

दवंडीची एक सोय मात्र या यंत्रणेत नाही. कोतवालाला थांबवता यायचं. "कोन म्हने? कवा येते पानी? तहसीलदार स्वतः आले का?" असे प्रश्न विचारता यायचे, आणि कोतवालही थांबून, तंबाखू मळून, जमेल तितकी उत्तरं द्यायचा. त्याला माहीत नसलेल्या गोष्टींची उत्तरं तर तो जास्त तपशिलानं द्यायचा. टॉवर ओरडतो आणि गप्प होतो. मग न विचारलेले सगळे प्रश्न शेजाऱ्याच्या वाट्याला येतात, आणि त्याची सुरुवात होते: तुले आला का?

आवाजाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तो इतका वाईट असणं हा योगायोग नाही. अमेरिकेनं अशा इशाऱ्यांसाठी ८५३ आणि ९६० हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजवायचे ठरवले. या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढलं तर ते जवळजवळ ९:८ येतं, म्हणजे सा आणि त्याचा शुद्ध रिषभ. इकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात पेटीवाल्यानं पहाटे तीन वाजता झोपेत दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबल्या, तर जो आवाज निघेल, तोच हा. नाटकात अशा आवाजावर प्रेक्षकांतून काय येतं, हे झाडीपट्टीत सांगायची गरज नाही. अमेरिकेत मात्र त्याच्यावर प्राण वाचवण्याची जबाबदारी टाकलेली आहे.

एवढं करून माणूस जागा होतो. पण जागा होऊन तो काय करतो, हा वेगळा विषय आहे.

हवामान खात्याचे रंग घ्या. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कामाला लागा. खात्याच्या दृष्टीनं हे अगदी सोपं. पण महाराष्ट्रात रंगांना आधीच अर्थ लागलेले आहेत. १ मे १९९९ रोजी राज्यात तीन रंगांची रेशनकार्डं आली, पिवळी, केशरी आणि शुभ्र. आणि नेमक्या त्याच दिवशी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा जन्माला आला. म्हणजे या जिल्ह्यानं डोळे उघडले तेच रंगीत कार्डांच्या जगात. त्यामुळे 'गोंदिया जिल्ह्यात यलो अलर्ट' अशी बातमी आली की एखादा म्हातारा शांतपणे म्हणतो, "आपल्याले लागू आहे. केशरीवाल्यायले नाही." रेड अलर्टचं कार्ड अजून कोणी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर साखर किती मिळते हे ठरलेलं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पिवळा इशारा इतक्या वेळा येतो की त्याचा घरगुती अनुवाद झाला आहे. पिवळा म्हणजे कपडे वाळत घाला, पण लक्ष असू द्या. नारिंगी म्हणजे कपडे ओसरीत. लाल म्हणजे शाळेला सुट्टी आहे का, हे कलेक्टर साहेबांच्या आदेशात पाहा. हा शेवटचा अर्थ मुलांना तोंडपाठ आहे. जिल्ह्यातली चौथीतली मुलं मराठी शुद्धलेखनात चुका करतील, पण ढगांकडे पाहून सुट्टीची शक्यता वर्तवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. आणि सुट्टी जाहीर झाली की त्या दिवशी लख्ख ऊन पडतं, हाही अनुभव सार्वत्रिक आहे. बिचाऱ्या हवामानाला आदेशाची प्रत वेळेवर मिळत नसावी.

पुराच्या इशाऱ्याची तऱ्हा याहून निराळी. नदीकाठी जाऊ नका, पुलावरून पाणी वाहत असताना ओलांडू नका, असा संदेश येतो. गोंदियाच्या वाट्याला वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी अशा नद्या. पुजारीटोला, सिरपूर, कालीसरार, इटियाडोह अशी धरणं. वैनगंगेवर वरच्या अंगाला मध्यप्रदेशात सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर. पाणी तिकडं सुटतं, धास्ती इकडं पोचते. आणि धास्तीच्या पाठोपाठ पोचतात मोटरसायकली.

कारण पूर ही पाहायची गोष्ट आहे. इशारा आला नसता तर पाणी वाढलं हे कळलं तरी असतं का? अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवरचं इटियाडोह भरून वाहू लागलं, की त्या 'ओव्हरफ्लो'ची बातमी गावोगावी जाते. मग भजी, भुट्टे, गाडीच्या टाकीवर पोरगं, मागं बायको, तिच्या मांडीवर डबा, असा संसार पाण्याच्या आवाजाकडे निघतो. जाऊ नका, असं लिहिलेलं वाचून माणसाला पहिल्यांदा जागेचा पत्ता कळतो. प्रस्तुत लेखकानं एकदा अशाच एका पुलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या भल्या गृहस्थांना विचारलं, "तुम्हाला मेसेज आला नाही का?" ते म्हणाले, "आला नं! म्हणून तं आलो." मग त्यांनी प्रतिप्रश्न केला, "तुमी कशाले आले?" लेखकाला उत्तर सुचेना. तो निरीक्षणासाठी आला होता, असं म्हणणं त्या वेळी त्याला स्वतःलाच पटलं नाही.

विजेचं प्रकरण तर आणखी नाजूक. पूर्व विदर्भात पावसाळ्यात वीज अंगावर पडून माणसं दगावतात, बहुतेक शेतातच. त्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप तयार केलं. आपल्या भोवतालच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते सांगतं. काम खरोखर चांगलं. पण ते सांगतं फोनला, आणि रोवणीच्या वेळी फोन असतो कुठं? पन्नीत गुंडाळून, डब्याच्या पिशवीत, धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला टांगलेला. म्हणजे वीज चमकत असताना झाडाखाली थांबू नका, हे वाचायला माणसाला आधी झाडाखाली जावं लागतं.

त्याहून मोठी अडचण आपल्या पिढीजात ज्ञानाची. ढगाचा पहिला गडगडाट झाला की गावात एक आवाज हमखास ऐकू येतो: "फोन बंद करा! फोन इज ओढते!" मोबाईल फोन वीज ओढत नाही. धोका असलाच तर तो तारेच्या जुन्या टेलिफोनला होता, आणि तोही तारेमुळे. पण तो टेलिफोन घरातून गेला आणि त्याची भीती मोबाईलला वारशात मिळाली. त्यामुळे इशारा द्यायची वेळ येते, नेमक्या त्याच क्षणी गावातले निम्मे फोन बंद होतात. ढग पांगले, सूर्य दिसला, की फोन सुरू होतो, आणि मग ओळीनं तीन इशारे येऊन पडतात, पुढील काही तासांत विजांसह पाऊस, सुरक्षित स्थळी थांबा. वाचणारा माणूस आकाशाकडे पाहतो, स्वच्छ निळं आकाश, आणि खात्याच्या नावानं मान हलवतो. "पाहा, यायले काही समजत नाही."

सीमेवरची गंमत आणखी निराळी. गोंदिया शहरातून बालाघाटकडे निघालं की बाघ नदी ओलांडताच मध्यप्रदेश. पूर्वेला छत्तीसगड. टॉवर नंबर पाहत नाही, जागा पाहतो, हे वर आलंच. काठावरच्या गावात फोन कधी या टॉवरला धरतो, कधी त्या. अंगणात उभं राहिलं की महाराष्ट्र, गोठ्यात गेलं की मध्यप्रदेशात आपले स्वागत आहे. अशा गावातल्या गृहस्थाला एखाद्या दिवशी दुसऱ्या राज्याचा इशारा हिंदीतून आला तर तो काय करेल? तो गोठ्यातून अंगणात येऊन पाहील, इकडं काही आलं का. इकडं काही नसेल तर त्याचा निष्कर्ष साधा आहे: पाऊस गोठ्यात आहे.

गोंदियातल्या माणसाला वाटतं, असले घोळ आपल्याकडेच होतात. तसं नाही. हवाईमध्ये १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी लोकांच्या फोनवर संदेश आला की क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, ही कवायत नव्हे. ती कवायतच होती, पण इशारा पाठवणाऱ्या माणसाला ती खरी वाटली. लोकांनी पोरांना गटाराच्या झाकणाखाली उतरवलं, बाथटबमध्ये झोपवलं. चूक झाल्याचा दुसरा संदेश फोनवर यायला अडतीस मिनिटं लागली. मधल्या काळात तिथले गव्हर्नर डेव्हिड इगे यांना चूक कळली होती, पण ट्विटरवर लगेच सांगता आलं नाही, कारण स्वतःच्या खात्यात शिरायचा तपशीलच त्यांच्या लक्षात नव्हता. हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. गुरुजींना ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांना गव्हर्नर साहेबांबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यांचे स्वतःचे सगळे पासवर्ड कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलेले असतात. "त्यायच्याकडे कालनिर्णय मिळत नसन," ते हळहळले.

भाषांतराच्या घोळातही आपण एकटे नाही. ब्रिटननं २३ एप्रिल २०२३ रोजी दुपारी देशभर अशीच चाचणी घेतली. त्यात वेल्श भाषेतल्या मजकुरात 'सुरक्षित' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'व्होगेल' असं उमटलं, आणि व्होगेल हे स्लोव्हेनियातल्या एका बर्फावरच्या क्रीडास्थळाचं नाव निघालं. म्हणजे सुरक्षित राहा ऐवजी लोकांना स्लोव्हेनियाचा रस्ता दाखवला गेला. तैवाननं जानेवारी २०२४ मध्ये चिनी भाषेत 'उपग्रह' म्हटलं आणि खाली इंग्रजीत 'क्षेपणास्त्र'. ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या त्यांची पंचाईत झाली, ज्यांना एकच येत होती ते त्यामानानं निश्चिंत किंवा त्यामानानं भेदरलेले. आमच्या झाडीबोलीत इशारा यायला लागला तर काय होईल, हा विचार लेखकाच्या मनात येतो आणि तो लगेच झटकतो. 'पानी येऊन रायलं, बांधी सोडा' असा संदेश पुण्याच्या कार्यालयात तपासायला गेला, तर तो परत यायला पूर ओसरलेला असेल.

सावध करण्याचा आपल्याला छंदच लागला आहे. २०२० च्या मार्चपासून फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग कोरोनाची सूचना. पुढं अमिताभ बच्चन आले. ते गेले, मग सायबर चोरांपासून सावध करायला पुन्हा तेच आले. ती धून २०२५ च्या जूनमध्ये थांबली, तोवर घराला पाणी लागलं म्हणून भावाला फोन करणाऱ्यालाही आधी अनोळखी लिंक उघडू नका, हे ऐकून घ्यावं लागत होतं. पाणी तोवर थांबायचं नाही, पण बच्चन साहेबांचं बोलणं मध्येच कापायला माणसाचं मन धजायचं नाही.

इकडं गुरुजींचा फोन तीन दिवसांनी रेशनच्या तांदळातून जिवंत निघाला. तेव्हापासून त्या घरात ती रीतच पडली. नळाखाली पडला, डब्यात. नातवानं दुधात बुडवला, डब्यात. चाचण्या पुढच्या महिन्यांतही होत राहिल्या, आणि अशाच एका दिवशी फोन धुण्याच्या बादलीतून निघून तांदळात विसावला होता. मागल्या वेळेचा अनुभव म्हणून या वेळी जरा खोल पुरलेला. दोन दिवस झाले तरी तो काही बोलेना. गुरुजी सुतकी चेहऱ्यानं अंगणात बसलेले. त्यांचे सगळे नंबर त्यात होते, आणि या खेपेचं कालनिर्णय रद्दीत गेलं होतं.

स्वयंपाकघरातून एकदम तोच आवाज आला. सा आणि रे, एकाच वेळी. पत्र्याच्या डब्यातून आल्यामुळे दुप्पट. सून भाताचं पातेलं खाली ठेवून धावली, सासूबाई धावल्या, गुरुजी चपला न घालता आत आले. डबा थरथरत होता, वरच्या दाण्यांना लाट यावी तसं होत होतं. सुनेनं कोपरापर्यंत हात घातला आणि फोन वर काढला. पडदा उजळलेला, अक्षरं ठळक, आणि चार्जिंगच्या जागेत दोन दाणे अडकलेले.

"सुरू झाला जी! सुरू झाला!"

कोणीतरी घाईत पडद्यावरचं बटण दाबलं आणि संदेश गेला. गुरुजींनी फोन कपाळाला लावला. सासूबाईंनी मूठभर तांदूळ फोनवरून ओवाळून अंगणात कोंबड्यांना टाकले. एवढ्यात कुंपणाच्या पलीकडून शेजारच्या बाईंनी मान वर काढली.

"बाई व, तुमच्याकडे आला का? आमच्याकडे आला. काय लिवलं होतं त्याच्यात?"

"आला नं," सून तांदूळ झटकत म्हणाली. "वाचलं कोनं? आमचा तांदरातून आला."